ते टॉवेल मीच आणले होते

मावशी, तुम्हाला जाऊन पंधरा दिवस झाले आणि मी अजून तुमच्यावर रागावलेलाच आहे. माणूस गेल्यावर राग धरू नये म्हणतात. मला जमत नाही. शेवंताबाईसारखं धुणं कळंबात कुणाला जमलं नाही असं लोक म्हणतात, मीही मान हलवतो, आणि मनात एकच येतं. त्या दिवशी तुम्ही बोलला का नाहीत? एक वाक्य बोलायचं होतं. "हे टॉवेल यानंच नेले होते," एवढंच. मी चिडलो असतो, भांडलो असतो, कदाचित तुमच्या तोंडावर खोटंही बोललो असतो. पण तुम्ही बोलला असतात तर आज मला हे लिहायला बसावं लागलं नसतं.

बघा, अजूनही तुमच्यावरच ढकलतोय. ही माझी सवय तुम्हाला चांगली माहीत होती. "दिलीप, तुझ्या हातनं बादली सांडली तरी तू म्हनणार, जमीनच वाकडी हाय," असं तुम्ही एकदा चार लोकांत म्हणाला होतात. लोक हसले होते. मीही हसलो होतो, पण दोन दिवस तुमच्याशी बोललो नव्हतो.

येरमाळा रस्त्याला माझ्याकडे एक पंप, एक पाइप आणि पत्र्याचा आडोसा एवढंच होतं, तेव्हापासून तुम्ही मला बघत होतात. ट्रॅक्टर धुवायचो, जीप धुवायचो, दिवसभर पायात चिखल. मागच्या गल्लीत तुम्ही दवाखान्याच्या चादरी धुवायच्या. दोघांचाही धंदा पाण्याचा, त्यामुळे नळ कधी येणार यावरून आपली ओळख झाली. पुढं मी पुण्याला जाऊन गाडीचा रंग चमकवायचं काम शिकलो, शेड उभारली, पाटी लावली आणि येताना साठ मायक्रोफायबर टॉवेल घेऊन आलो. दुकानदार तीन वेळा "परवडत नाही" म्हणाला तेव्हाच घेतले. गठ्ठा तुमच्या ओसरीवर टाकला आणि म्हणालो, "मावशी, हे धुवायचे."

तुम्ही एक टॉवेल उचललात. सोड्यानं फुटलेल्या तुमच्या बोटांना तो अडकला.

"आगं बया, ह्ये तर मांजराच्या जिभेवानी चिकटतंय."

"चिकटायलाच पाहिजे. धूळ उचलतो तो."

"धूळ उचलतो, मग सोडतो कुठं?"

मला तेव्हा तो प्रश्न वेड्यासारखा वाटला. सगळं काम त्या एकाच प्रश्नाचं आहे, हे कळायला मला वर्ष गेलं.

पहिल्या धुण्यात तुम्ही त्या टॉवेलांना आयुष्यभर सगळ्या कपड्यांना दिलं तेच दिलंत. कडक पाणी, सोडा, उन्हात वाळवण आणि वरून इस्त्री. घडी करून आणलेत तेव्हा ते पापडाच्या चवडीसारखे वाजत होते. मी गल्लीत उभा राहून ओरडलो. माझा आवाज मोठा आहे, तो लहान करायचा मी कधी प्रयत्नही केला नाही. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मग एका टॉवेलाचा धागा ओढलात, काडी पेटवून जाळलात आणि नाकाशी धरलात.

"सूत न्हाय ह्ये. सुताची राख होती, याची गाठ झाली. प्लास्टिक हाय. आन् तू मला कपडा म्हणून दिलास व्हय?"

"मला तरी कुठं माहीत होतं?"

"मग वरडतोस कशाला?"

पुण्यात पंधरा दिवस मला जे कुणी नीट सांगितलं नाही, ते तुम्ही एका काडीत समजून घेतलंत. त्या दिवसापासून उकळतं पाणी बंद, इस्त्री बंद, ऊन बंद. चाकं पुसायचे टॉवेल वेगळ्या बादलीत, गाडीच्या अंगाचे वेगळ्या, काचेचे तिसऱ्या. मी म्हणालो, एवढ्या बादल्या कशाला, शेवटी सगळे धुवायचेच तर आहेत. तुम्ही म्हणालात, "पायपुसणं आन् पदर एका बादलीत टाकतो का कुणी?" सुती कपड्यांबरोबर ते कधीच भिजवायचे नाहीत, कारण सुताचे तंतू त्यांच्यात अडकून बसतात. पावडर नाही, पातळ साबणच, तोही थोडा. बोअरच्या जड पाण्यानं टॉवेल राठ होतात म्हणून शेवटचं खळबळणं नळाच्या पाण्यात. नळाला पाणी चार दिवसांनी यायचं. तुम्ही माझ्या टॉवेलांसाठी एक पिंप वेगळं भरून ठेवायच्या आणि सुनेलाही त्यातलं पाणी घेऊ द्यायच्या नाहीत.

सुवासिक लिक्विडवरून आपलं किती वाजलं! कपडे मऊ करायचं ते लिक्विड मी मोठ्या कॅनमध्ये आणलं होतं. गिऱ्हाइकाला टॉवेलाचा वास आवडतो असं माझं म्हणणं. तुम्ही दोन ताटांत पाणी ओतलंत. एकात साधा धुतलेला टॉवेल टाकलात, दुसऱ्यात माझ्या लिक्विडातला. पहिल्यानं ताट कोरडं केलं. दुसरा पाणी नुसतं इकडून तिकडं ढकलत राहिला. "तेलकट झालाय त्यो. पानी पीत न्हाय आता. वास पायजे तर दुकानात उदबत्ती लाव," असं म्हणून तुम्ही कॅन माझ्या हातात दिलात. तो मी परत दुकानदाराच्या गळ्यात मारला, तेवढी हुशारी माझ्यात आहे.

घासाघीस करण्यात मला कुणी हरवलं नाही, एक तुम्ही सोडून. पन्नास टॉवेलांवर दोन फुकट धुवा, असं मी म्हणालो तर तुम्ही लगेच, "तू गिऱ्हाइकाच्या गाडीची दोन चाकं फुकट धू, मग मी धुते." आणि तरी चहा पाजायच्या. माझ्याकडं पहिली मोठी गाडी आली तेव्हा बघायला आला होतात, दोन्ही हात पाठीमागं धरून. मी विचारलं, असं का उभ्या? "हात लावू नका म्हणशील, म्हणून आधीच बांधून ठेवले."

धुतलेला प्रत्येक टॉवेल तुम्ही खालच्या ओठावरून फिरवायच्या. बोटं सोड्यानं मेलीत, ओठाला कण कळतो, असं तुमचं म्हणणं. मगच तो झाकणाच्या डब्यात जायचा. खोलीत पंख्याखाली वाळवलेला, ओठावरून तपासलेला, डब्यातून आणलेला. "डब्याबाहीर दिसला तर त्यो मी धुतलेला न्हाय, आसं समज," असं तुम्ही मला बजावलं होतं. एकदा नाही, दहादा.

आता त्या दिवसाचं.

दसरा होऊन गेला होता. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, सोयाबीनच्या गाड्यांची रांग लागत होती. बांधकामाची कंत्राटं घेणाऱ्या भूमच्या एका गुत्तेदारांनी नवी काळी गाडी घेतली होती आणि ती चमकवायला ते कळंबला माझ्याकडं आले होते. भूमहून माझ्याकडं आलेली ती पहिलीच गाडी. दुसऱ्या दिवशी सगळ्या पाहुण्यांना घेऊन त्यांना सोनारीला काळभैरवाच्या दर्शनाला जायचं होतं. काळ्या रंगाचं तुम्हाला माहीत आहे. पांढरी गाडी चार गोष्टी पोटात घालते, काळी सगळं दाखवते.

सकाळी मी आमच्या रानातली पोती पिकअपमधून मोंढ्यात टाकली आणि परत येताना तुमच्या दारात थांबलो. टॉवेल पंख्याखाली दोरीवर होते.

"आजून ओल हाय," तुम्ही म्हणालात. "चारला मी सवता डब्यात घालून आणते."

"चारला गाडी जायची आहे, मावशी."

"मग पाचला जाऊ दे. काळभैरव कुठं पळून चाललाय?"

मी दोरीवरून टॉवेल ओढले. निम्मे घेतले, हातात मावतील तेवढे. तुम्ही डबा घेऊन माझ्यामागं ओसरीवरून उतरलात. "दिलीप, आरं डबा तरी घे! थांब की जरा!" गाडी चालू होती. डबा घ्यायला किती वेळ लागला असता? मी तेवढंही थांबलो नाही. टॉवेल पिकअपच्या मागं टाकले, रिकाम्या बारदानावर. ज्या बारदानातून तासाभरापूर्वी सोयाबीन ओतलं होतं, त्याच बारदानावर.

दुकानात आल्यावर मी ते एकदा झटकले. मला वाटलं, झटकले की झालं. धूळ उचलतो तो सोडतो कुठं, हे तुम्ही पहिल्याच दिवशी विचारलं होतं. ओलसर टॉवेलात शेंगांची टरफलं, बारीक खडे, माती असं सगळं जाऊन बसलं होतं. आणि त्यानंच मी त्या गाडीचं बॉनेट पुसलं. माझ्या स्वतःच्या हातानं, चांगला जोर देऊन.

शेडच्या सावलीत गाडी आरशासारखी दिसत होती. चारला गुत्तेदारांनी ती बाहेर उन्हात घेतली. बॉनेटभर गोल गोल बारीक रेघा, राखेनं घासलेल्या स्टीलच्या ताटावर असतात तशा.

"ओ मालक, हे काय करून ठेवलं? नवी गाडी आहे माझी! उद्या सगळे पाहुणे बघणार."

"साहेब, टॉवेलात काहीतरी राहिलं असेल—"

"कोण धुतं तुमचे टॉवेल?"

आणि तेवढ्यात तुम्ही आलात. राहिलेले टॉवेल डब्यात घालून, सांगितल्याप्रमाणे, चारला. मी बोट दाखवलं. "ह्या बाई धुतात." मावशी म्हणालो नाही. बाई म्हणालो.

तुम्ही डबा खाली ठेवलात. बॉनेटवरचा टॉवेल उचललात, ओठावरून फिरवलात आणि थांबलात. नखानं काहीतरी काढलंत. सोयाबीनच्या शेंगेचं टरफल होतं, नखाएवढं. तुम्ही त्याच्याकडं बघितलंत. मग शेडच्या कडेला उभ्या असलेल्या पिकअपकडं, त्यातल्या बारदानाकडं. मग माझ्याकडं. माझ्या डोळ्यांत तेव्हा काय होतं, ते मला या पंधरा दिवसांत कितीदा तरी आठवून बघावंसं वाटलं. मी तुमची विनवणी करत होतो असं मला लिहायला आवडलं असतं. खरं सांगायचं तर मी तुम्हाला दटावत होतो.

तुम्ही मूठ मिटलीत.

"चुकलं आसंल सायेब. वय झालं माझं. आता नीट दिसत न्हाय."

मला सुटल्यासारखं झालं. तिथं तरी मी गप्प बसायचं होतं. पण गुत्तेदार माझ्याकडं बघत होते, समोर चहाच्या टपरीवर चार माणसं कान देऊन होती, आणि चूक तुमची ठरली म्हटल्यावर मला मालकासारखं वागून दाखवणं भाग होतं. "कितीदा सांगितलं तुम्हाला? उद्यापासून यायचं नाही. डबा ठेवा आणि जा!" माझा आवाज टपरीपर्यंत गेला. डब्याचं झाकण एका बाजूनं सैल होतं. तुम्ही ते दाबून बसवलंत आणि गेलात.

त्या गाडीला मी पुन्हा पॉलिश मारलं, रेघा घालवल्या, गुत्तेदारांचा राग उतरवला. जाताना ते म्हणाले, "अशी माणसं ठेवू नका हो कामाला." मी हो म्हणालो. माझं नाव शाबूत राहिलं. त्यानंतर भूमहून अजून गाड्या आल्या.

मग मी मशीन घेतलं. महिन्याभरात तुमचे ते जपलेले टॉवेल राठ झाले. कधी कुणी त्यात सुती फडकी टाकली, कधी पावडर तशीच गोळा होऊन राहिली, कधी चाकाचा टॉवेल अंगाच्या गठ्ठ्यात गेला. मी मशीनवाल्याशी भांडलो, साबणवाल्याशी भांडलो. शेवटी तुमच्या प्रकाशकडं निरोप धाडला. तो एस्टीच्या आगारात मेकॅनिक, जाता-येता दुकानावरून जायचा. "आईला म्हणावं, झालं गेलं विसरून या." जणू मीच तुम्हाला माफ करत होतो! दुसऱ्या दिवशी तो तुमचं उत्तर घेऊन आला. "आई म्हणती, त्याला सवताला येऊ दे."

मी आलो नाही. मालकानं दारात जायचं म्हणजे काय, असं मला वाटलं. उलट मी तुमच्यावरच चिडलो, की बाईला केवढा ताठा! मला नक्की माहीत होतं तुम्ही मला का बोलावताय ते. तुमच्या ओसरीवर बसून मला एक वाक्य बोलावं लागलं असतं. तेवढं टाळायला मी चार महिने खराब टॉवेल वापरले.

आणि मग एक दिवस तुमच्या खोलीच्या दारातून मला दोरीवर नारंगी काठाचे टॉवेल दिसले. माझे काठ निळे आणि लाल. नारंगी काठ स्टँडजवळच्या त्या नव्या दुकानवाल्याचे. काय सांगू मावशी, मला असं झालं की तुम्ही माझ्या घरातली भांडी उचलून शेजाऱ्याला दिलीत. तुम्हाला मी काढलं होतं. तरी तुम्ही दुसऱ्याकडं गेलात याचा मला राग. तो राग मी सगळ्यांना सांगत फिरलो. "माझ्याकडं शिकून त्याला जाऊन मिळाली," असंसुद्धा बोललो. कोण कुणाकडं शिकलं होतं, ते मला आणि तुम्हालाच माहीत होतं.

शेवटची गाठ आठवडी बाजारात पडली. मी मेथीवालीशी हुज्जत घालत होतो आणि मागून तुमचा आवाज आला.

"दे गं बाई त्याला. न्हायतर इथंच संध्याकाळ करंल त्यो."

मेथीवाली हसली. तुम्हीही हसलात. मी हसायला हवं होतं. मी म्हणालो, "त्याचे टॉवेल धुता म्हणं."

"धुते. त्यो इचारतो, मावशी कधी देता? तू म्हनायचास, आत्ता द्या." मग तुम्ही जरा जवळ आलात, पिशवी या हातातून त्या हातात घेतलीत आणि आवाज खाली आणलात. "आजून काय बोलायचं ऱ्हायलंय का, दिलीप?"

एवढं सोपं करून दिलं होतं तुम्ही. बाजाराच्या गोंगाटात कुणाला ऐकूही गेलं नसतं. ओसरीवर यायला नको, मान खाली घालायला नको. मी मेथीच्या जुडीकडं बघितलं आणि म्हणालो, "नाही. मेथी घ्यायचीय."

"घे मग," तुम्ही म्हणालात आणि पुढं गेलात.

त्यानंतर अठराव्या दिवशी टपरीवाल्यानं सांगितलं, शेवंताबाई दुपारी जेवून पडल्या त्या उठल्याच नाहीत. माझ्या हातात तेव्हा टॉवेल होता. मी तसाच गाडी पुसत राहिलो. त्या गाडीचं बॉनेट मी इतक्या वेळा पुसलं की गिऱ्हाईक म्हणालं, भाऊ, पुरे आता.

मातीला आलो होतो. मागं उभा राहिलो. दहाव्याला मात्र तुमच्या ओसरीवर बसलो. तुमची सून सुनीता चहा घेऊन आली आणि तिथं तिनं जे सांगितलं ते मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

"दिलीपभाऊ, आत्याबाईंच्या जिवाला तुमच्या गाडीचं लई लागलं होतं. घरात म्हनायच्या, माझ्या हातनं त्याचं नुकसान झालं."

"घरात? घरात असं म्हणायच्या?"

"व्हय. मग यांनी त्यांचं धुणंच बंद केलं की. दवाखान्याच्या चादरीबी सोडायला लावल्या. म्हनले, आई तुझी नजर गेली, आजून कुणाचं नुकसान करशील. धाराशिवला नेऊन डोळे दाखवले. डॉक्टर म्हनले, नजर चांगली हाय, सुई ओवतील आजून. मग यांनी इचारलं, तर चुकलं कसं? आत्याबाई म्हनल्या, हातनं चुकलं आसंल. एवढंच. रुसून बसल्या आठ दिवस, पन दुसरं बोलल्या न्हाईत. मग त्या स्टँडवरच्याचं काम धरलं, यांना न इचारता. म्हनल्या, मला अजून येतंय ते दिसू द्या."

मला वाटत होतं, तुम्ही फक्त माझ्यासमोर मूठ मिटलीत. घरी गेल्यावर तरी खरं सांगितलं असेल, मला चार शिव्या दिल्या असतील. मला त्याचाच आधार होता. तुम्ही घरातही सांगितलं नाही. प्रकाशचं डोकं तापट, तो दुकानात येऊन मला धरेल म्हणून का? की माझ्यावर सोडलं होतंत, हा स्वतः येऊन सांगेल म्हणून? मला माहीत नाही. आता कधी कळणारही नाही. आणि तुमच्या स्वतःच्या लेकानं तुमच्या हातातलं काम काढून घेतलं, ते माझ्या एका बोटामुळं.

मी चहा खाली ठेवला आणि तिथं बसलेल्या सगळ्यांदेखत सांगितलं. पिकअप, बारदान, डबा, टरफल, सगळं. मी सांगत असतानाच सुनीता पदर तोंडाला लावून आत गेली. प्रकाश हलला नाही.

"आज सांगताय?" तो म्हणाला.

"प्रकाश, मी—"

"मी तिला आंधळी म्हनलो, दिलीपभाऊ. सगळ्यांसमोर म्हनलो. तिनं ऐकून घेतलं." त्याचा आवाज तुमच्यासारखाच, मोठा होत नाही. "आन् तुम्ही दहाव्याला येऊन सांगताय. हितं सगळी आपलीच मानसं. हितं सांगून काय व्हायचं? ज्याच्यासमोर बोट दाखवलं, त्याच्यासमोर सांगा. मी येतो संगं."

दोन दिवसांनी सकाळी आम्ही भूमला गेलो. वाटेत मी दोनदा बोलणं काढलं, त्यानं काच खाली घेतली. गुत्तेदार त्यांच्या बांधकामावर खुर्ची टाकून बसले होते. मला ओळखलं, खुश झाले. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. ते ऐकत होते, पण त्यांच्या तोंडावर काही उमटत नव्हतं.

"कोणती बाई?" ते म्हणाले. "अहो, ती गाडी दिली मी मेहुण्याला. एवढ्यासाठी भूमपर्यंत आलात? फोन करायचा."

मावशी, ज्या माणसाच्या नजरेत चांगलं राहण्यासाठी मी तुम्हाला घालवलं, त्याला तुम्ही आठवतसुद्धा नव्हता.

"नाव सांगा तिचं," प्रकाश मागून म्हणाला.

"शेवंताबाई," मी म्हणालो. "ह्यांची आई. तिनं टॉवेल नीट धुतले होते. घाण मी लावली. तिला सगळं दिसलं होतं आणि तिनं मला झाकलं. तुमच्यासमोर मी दोष तिच्यावर टाकला."

गुत्तेदारांनी तेव्हा प्रथम प्रकाशकडं नीट बघितलं. खुर्चीतून उठले. "बसा हो, चहा घ्या," म्हणाले. "मी काही बोललो होतो का त्यांना? मला खरंच आठवत नाही."

"तिला आठवत होतं," प्रकाश म्हणाला. चहा त्यानं घेतला नाही.

परत निघालो. ऊन चढलं होतं. येरमाळ्याच्या अलीकडं माझ्यातला जुना माणूस जागा झाला. कुठं तरी सौदा मिटल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी म्हणालो, "प्रकाश, झालं ना आता?"

तो समोर रस्त्याकडं बघत होता. "तुमचं झालं आसंल," तो म्हणाला. "गाडी थांबवा. मी एस्टीनं येतो."

फाट्यावर मी गाडी थांबवली. तो उतरला, दार हळू लावलं, माझ्यासारखं आपटलं नाही. मी निघून जाऊ शकलो असतो, पण गेलो नाही. समोरच्या झाडाखाली तो उभा, इकडं गाडीत मी. दहा-पंधरा मिनिटांनी कळंबची एस्टी आली आणि तो तिच्यात चढला. मी मागं गाडी लावली. रस्ता मोकळा होता, कितीतरी वेळा बाजू मिळाली. मी ती एस्टी ओलांडली नाही. कळंबच्या स्टँडपर्यंत तिच्या मागं मागं आलो, ती थांबेल तिथं थांबत.